मधली पानं

बाबा, आज शाळेतून आल्यावर चपलाही न काढता मी एक प्रेमकथा संपवली. तुम्ही असतात तर आधी कपाळाला आठ्या घातल्या असत्या आणि मग हळूच विचारलं असतं, "जमलं का त्याइचं?" जमलं, बाबा. त्यांचं जमतंच. म्हणून तर वाचते. कळंबच्या शाळेत मी मराठी शिकवते, मुलांना जड जड पुस्तकांची नावं सांगते आणि पर्समध्ये हे असलं बाळगते. कुणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

सवय पांढरकवड्याची. स्टँडजवळच्या दुकानातून भाड्यानं आणलेली कादंबरी मी तांदळाच्या डब्यामागे लपवायची. एकदा चहापत्ती शोधताना ती तुमच्याच हाती लागली. तहसीलमधले मोठे बाबू तुम्ही, तुमच्या आवाजाला सगळं घर टरकायचं. "हे काय वाचून राह्यली तू? अभ्यासाचं काय?" पुस्तक जप्त झालं. मी जीव मुठीत धरून होते. मग एका सकाळी तुम्ही ते माझ्यापुढे ठेवता आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणता, "हे वापस कर. दुसरं आण."

त्यानंतर आपण दोघांनी किती वाचलं! तुम्ही कादंबरीही फायलीसारखी वाचायचात. "हा पोट्टा नुसता झुरून राह्यला. सरळ अर्ज कायले देत नाही?" भाकरी थापता थापता आईला हसू आवरायचं नाही.

बी.एड.ला असताना मी सोबतच्या मुलाबद्दल घरी सांगितलं. दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, आपल्या जातीचा नाही. मोठे काका दुसऱ्याच दिवशी येऊन थडकले. "लोक काय म्हणतीन? पोरीले दम दे," ते तुम्हाला म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्ही नाही म्हणालात तर त्याला तसं कळवून टाकायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. तुमच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नव्हती. तुम्ही चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिलंत.

"आपण इतके पुस्तकं वाचले, बाई. दर खेपेले बाप अडून बसते, पोरगी रडरड रडते, अन् शेवटी बाप हो म्हणते. मंग मी आताच हो म्हणतो. मधातली पानं कायले पाह्यजे?"

काका चहा न घेता उठले. ते लग्नाला आले नाहीत, पुढे तुमच्याशी बोललेही नाहीत. सख्खा मोठा भाऊ! दर दिवाळीला तुम्ही फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचात आणि भरलेला डबा परत आणायचात. विचारलं की म्हणायचात, "घरी नव्हते." मी माझ्या संसारात दंग, मला ते खरंच वाटायचं. मधली पानं कुठे गेली नव्हती, बाबा. ती तुम्ही एकट्यानं वाचलीत आणि मला नुसता गोड शेवट दिलात. याचे आभार तुम्ही होतात तेव्हा मानायचे राहिले, म्हणून हे लिहिलं. टपालात टाकण्यासारखं नाही, ठेवून देते.

एक मात्र कबूल करते. हल्ली वाचताना नायक कधी येतो याची मला घाई नसते. मी बापाची वाट बघत असते. तो आला आणि नाही म्हणाला की मला खरोखरचा राग येतो. "माझे नव्हते असे," मी मोठ्यानं म्हणून जाते. मग तुमचे जावई आतून विचारतात, "कोणाशी बोलून राह्यली?" आणि मी सांगत नाही.