बटाट्याचे मूळ आणि माझा कडक नेम

रेवदंडा, १५ जुलै १९२९
पोस्टमास्तर दिनानाथची जीभ तिकिटे चाटण्यापलीकडे कधी चालली नाही. ती आज चालली. चारचौघांत म्हणाला, की आपल्या घरातले निम्मे शब्द फिरंग्यांच्या गलबतांतून उतरले. माझा शब्दकोश, शाळेतली मास्तरकी सांभाळून केलेली नऊ वर्षांची मेहनत, प्रत्येक मराठी शब्दाचे संस्कृत मूळ देतो. आणि हा टपाल्या मला शिकवणार! कार्तिकीला अलिबागच्या लायब्ररीत माझे लेक्चर आहे. अध्यक्ष शास्त्रीबुवांनी मान डोलावली, की लायब्ररी कोश छापणार. मग बघतो याच्याकडे.

१७ जुलै, आषाढी एकादशी
गावभर चातुर्मासाचे नेम चालू. शुद्ध ढोंग. ज्याला जे आवडत नाही, तेच तो देवाला सोडतो. आमच्या गोदूने पेरू सोडला. पेरू म्हणजे तिचा जीव की प्राण. बायको ढोंगी नाही, बावळट आहे.
मी पोस्टात जाऊन जाहीर केले: ज्या वस्तूच्या नावाला संस्कृत मूळ नाही, ती कार्तिकीपर्यंत तोंडात घालणार नाही. दिनानाथ तिकिटे चाटत राहिला.

त्याच दिवशी, दुपारी
उपास. गोदूने बटाटे उकडले आणि विचारते, हे चालतात ना? भूक सपाटून. पाच मिनिटांत मूळ सापडले. वृत्त म्हणजे वाटोळे. वृत्त, वट्ट, वट्टाट, बटाटा. चार खाल्ले.

१८ जुलै, सकाळी ७
चहा सोडला. मनाचा निग्रह पाहिजे.

१८ जुलै, ९॥
डोके ठणकते. चषक, चखअ, चहा. किती सोपे! दोन कप.

६ ऑगस्ट
पावक म्हणजे अग्नी. अग्नीवर भाजतात तो पाव. गोदू पाव स्वयंपाकघरात येऊ देत नाही, म्हणून ओटीवर बसून खाल्ला.
कोशाची स्वच्छ प्रत तीच करते आहे. अक्षर चांगले, चौकशा फार. म्हणे, भूक लागल्याशिवाय तुम्हाला एकही मूळ कसे सापडत नाही? चौथी शिकलेल्या बाईला काय सांगायचे.

८ सप्टेंबर
वाडीवाली राही कारली घेऊन आली. मला त्यांचा वाससुद्धा सोसत नाही. तरी निःपक्षपातीपणे मूळ शोधायला बसलो. दोन मिनिटांत खात्री पटली, मूळ नाही. असल्या कडूजहर वस्तूला ऋषी नाव कशाला ठेवतील? फिरंगीच. सोडली.
राही म्हणाली, की फिरंगी कशापायी मास्तर, आमच्या आजीच्या आजीपासनं मांडवावर हाईत. अडाणी. शास्त्र आज्यांना विचारून चालत न्हाय, हे तिच्याच भाषेत सांगितले. गोदूने कारली परत राहीच्या टोपलीत ठेवली.

२ नोव्हेंबर
सदऱ्याची बटणे लागत नाहीत. धोबी नालायक आहे. नेम मात्र अभंग.

१३ नोव्हेंबर, कार्तिकी, पहाटे
टांगा आला. प्रत गोदूच्या मांडीवर. दिनानाथही येतोय म्हणे, पुढच्या रांगेत बसायला. येऊ दे, त्याची खोड मोडतो.

१४ नोव्हेंबर
काल लेक्चरात बटाट्यापाशी लोक हसू लागले. पावापाशी खुर्च्या हलल्या. मग दिनानाथ उठला आणि त्याने विचारले, की मास्तर, चार महिन्यांत तुम्ही सोडलेत तरी काय? मी छाती काढून सांगितले, कारली.
शास्त्रीबुवा इतका वेळ डुलक्या घेत होते. डोळे उघडून म्हणाले, कारवेल्ल. वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांत आहे, सरळ संस्कृत. बटाटा, चहा, पाव सगळे बाहेरचे. अस्सल घरचा शब्द तेवढा एकच होता, तो तुम्ही टाकलात.
पुढचे हशात ऐकू आले नाही. सेक्रेटरीने प्रत न उघडता परत केली. गोदूने ती पदराखाली घेतली आणि टांग्यात रेवदंड्यापर्यंत तशीच धरून बसली. सगळी पाने तिच्या हातची. मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचणार आहे.

त्याच दिवशी, दुपारी
आज नेम सुटले. गोदूने चार महिन्यांनी पेरू कापला. पेरूसुद्धा फिरंगी, असे दिनानाथ म्हणतो. म्हणजे माझा नेम घरात तिने एकटीने पाळला.
माझ्या ताटात कारल्याची भाजी होती. खाल्ली. तिने न विचारता आणखी वाढली. तीही खाल्ली.