चार ऋतूंचा बेत आणि बाबांची जागा

कुरिदाइरा,
१४ मार्च

रित्सुको,

अंगणातला बर्फ अजून गेलेला नाही, कडेला काळा पडून बसलाय. माझी तब्येत बरी आहे. तुम्हा सगळ्यांची बरी असणार असं धरून चालते, कारण आजारी माणसं एवढे बेत आखत नाहीत. ऋतूचं झालं, तब्येतीचं झालं. आता मुद्द्याचं.

तुझं पाकीट परवा मिळालं. इतकं जाड की पोस्टमनने दोन्ही हातांनी दिलं. मला वाटलं, नातवाचे फोटो असतील. उघडलं तर तुझ्या नवऱ्याने, या घरच्या जावईबापूंनी, छापलेला रंगीत बेत. 'शिन्शूच्या डोंगरांत चार ऋतू.' एप्रिलमध्ये पीचचा बहर, जुलैमध्ये तारे, ऑक्टोबरमध्ये लाल पानं आणि अळंबी, जानेवारीत बर्फात बसून गरम कुंडातलं स्नान. मुक्काम चारही वेळा खालच्या खोऱ्यातल्या हॉटेलात. आणि वर तुझी चिठ्ठी, "ताई, तू तिथली स्थानिक आहेस. एकदा नजर टाक, काही सुटलंय का सांग."

स्थानिक! तू कुठली मग? याच घराच्या मागच्या खोलीत, रेशीमकिड्यांच्या टोपल्यांशेजारी जन्मलीस. पाणी तापवायला लाकडं मी आत नेली होती, एवढीशी होते मी. आता त्याच घरापासून अर्ध्या तासावर खोली घेऊन तू आमचे डोंगर बघायला येणार, आणि मी नकाशावर खुणा करून द्यायच्या.

असो. आयुष्यभर खालच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, लाल पेन अजून वाळलेलं नाही. टाकली नजर.

ज्या रविवारी तुम्ही पीचच्या झाडाखाली डबा उघडणार आहात, त्या रविवारी गावातल्या प्रत्येक घरातलं एक माणूस फावडं घेऊन पाटातला गाळ काढायला जातं. आपल्या घरातून मी जाते. दुसरं कोण आहे? फोटोत मागे वाकलेल्या म्हाताऱ्या दिसल्या तर त्यातली निळ्या टोपीची मी.

जुलैच्या पानावर जावईबापूंनी चौकट टाकून लिहिलंय, 'धाडसी खाद्य अनुभव : गांधीलमाशीच्या अळ्या.' रित्सुको, त्यांना सांगितलं नाहीस का की तू शाळेच्या डब्यात रोज ते धाडस करायचीस, आणि माझ्या डब्यातलंही पळवायचीस?

जानेवारीत तुम्ही गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसाल तेव्हा मी किटली घेऊन अंगणातला गोठलेला नळ सोडवत असेन. छान दिसतं तेही. त्याचं तिकीट ठेवता येईल.

आणि ऑगस्ट? ऑगस्ट बेतात नाहीच. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'गर्दी टाळण्यासाठी ऑगस्ट वगळला आहे.' ऑगस्टच्या मध्यावर या गावातलं प्रत्येक मेलेलं माणूस घरी येतं. दारात विस्तव करून आम्ही त्यांना वाट दाखवतो, काकडीला काड्यांचे पाय लावून त्यांना बसून यायला घोडा ठेवतो. आईबाबा येतात. त्या गर्दीत तुझे आईबाबा असतात, बाई! त्यांना टाळायचं तर तसं सरळ लिहायचं. बारीक अक्षरांत कशाला?

राहिला ऑक्टोबर. 'अळंबी वेचण्याचा अनुभव (ताईंच्या डोंगरात).' आणि शेजारी तुझ्या हाताने, पेन्सिलीने, "बाबांची जागा तुला माहीत असणारच."

तुला आपल्याकडचा नियम माहीत आहे. मात्सुताके अळंबीची जागा बाप आपले पाय थकले की एका मुलाला दाखवतो. एकाच. बाकीच्यांनी विचारायचं नसतं. शेजारी शेजारी जन्म काढलेली माणसं एकत्र दारू पितात, एकमेकांच्या पोरांची लग्नं लावतात, पण अळंबीची जागा विचारत नाहीत. आणि तू पेन्सिलीने विचारतेस, टोकियोहून.

ऑक्टोबरबद्दल मी आत्ता काहीही लिहिणार नाही.

ताई


कुरिदाइरा,
२९ जुलै

रित्सुको,

उकाडा आहे, कोबीवर अळी आहे, मी आहे.

एप्रिल जावईबापूंच्या गुडघ्यामुळे हुकला, पण जुलैमध्ये आलात. तारे पाहिलेत आणि परतीच्या वाटेवर घरी डोकावलात. स्टेशनावरची मिठाई मिळाली. निम्मी शेजारच्या माकिउचि-सानला दिली, कारण तो कुंपणावरून सगळं बघतच होता.

"फुसाए-सान, पाहुणे हॉटेलच्या चपला घालूनच आले होते की काय?"

"बहीण होती माझी."

"बहीण? मग राहिली का नाही? घरात गादी नाही?"

"गादी आहे. तारे नाहीत."

तो हसला आणि मिठाई घेऊन गेला. मला हसू आलं नाही.

जावईबापू अंगणात उभे राहून म्हणाले, "ताई, काय शांतता आहे हो इथे! पैसे देऊन मिळत नाही."

मी म्हटलं, "न्या थोडी. आमच्याकडे उरते."

त्यावरही ते मनापासून हसले. त्या माणसाला टोमणा लागतच नाही. ही त्याची सगळ्यांत वाईट खोड आहे.

पण मी हे लिहायला बसले ते त्यांच्यासाठी नाही. तू माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आलीस आणि हळूच विचारलंस, "ताई, शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं होतं का गं?" मी म्हटलं, "पाणी उकळलंय." तू "बरं" म्हणालीस आणि बाहेर गेलीस.

आणि काल तुझं आभाराचं पत्र. वर आभार, खाली हे : "ताई, तू सारखी का चिडतेस? तुला घर मिळालं, डोंगर मिळाला, बाबांची जागा मिळाली. मला एक वाक्य मिळालं, 'या उंबऱ्यावर पुन्हा दिसू नकोस.'"

ते वाक्य बोललं गेलं तेव्हा मी तिथेच होते. तू डोंगरावरचा मुलगा नाकारून त्या हसऱ्या माणसाबरोबर निघाली होतीस, आणि बाबा दारात उभे होते. रित्सुको, हेच वाक्य ते आपल्या कुत्र्यालाही म्हणायचे, आणि कुत्रं संध्याकाळी जेवायला हजर असायचं. तू मात्र शब्दाची पक्की निघालीस. आईच्या वेळी आलीस ती संध्याकाळच्या बसने परत. बाबांच्या वेळीही तेच. मधली सगळी वर्षं ते खोऱ्यातून बस वर यायच्या वेळेला दाढी करायचे. मला म्हणायचे, सरपंचांकडे जायचंय. सरपंच बसने यायचे का?

मला काय मिळालं ते मी सांगेन. पण आज नको, रागात माझं अक्षर बिघडतं.

ताई


कुरिदाइरा,
२८ सप्टेंबर

रित्सुको,

यंदा पाऊस वेळेवर झाला, रात्री गारवा उतरायला लागलाय. डोंगराच्या पायथ्याशी दोऱ्या बांधल्या गेल्या, म्हणजे आता ज्याचा डोंगर त्यानेच जायचं. काल गावच्या कर्ण्यावरून अस्वल दिसल्याची सूचना झाली, तरी लोक थांबत नाहीत. आज पहाटे माकिउचि-सान मला म्हणाला, "जरा दवाखान्यात जाऊन येतो." पाठीला टोपली लावून. मी म्हटलं, "डॉक्टरांना नमस्कार सांगा." खोटं बोलायचं, उलट्या वाटेने निघायचं, वळसा घालून आपल्या जागी पोचायचं. महिनाभर अख्खं गाव असंच वागतं आणि कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही.

तुमचा ऑक्टोबर आला. आता लिहायला हवं.

बाबांनी मला जागा सांगितली नाही.

मीच त्यांच्याजवळ राहिले. लग्न केलं नाही, बदली घेतली नाही. आईला मी उचलत होते आणि नंतर बाबांना. त्यांचे पाय थकत गेले, तसं दर शरदात मला वाटायचं, यंदा बोलावतील. मी विचारलं नाही. आपल्याकडे विचारत नाहीत. ते काठी टेकत एकटे जायचे आणि रिकाम्या हातांनी यायचे, आणि मला म्हणायचे, "यंदा काही नाही." मीही मान डोलवायची.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं ते तुला माहीत आहे. फोनवर सांगितलं होतं. शेवटच्या शरदात त्यांना जेवायच्या काड्यांना काय म्हणतात ते आठवत नव्हतं. एका सकाळी बघते तर रबरी बूट घालून माझ्या उशाशी उभे.

"रित्सु, ऊठ. दव आहे तोवर जाऊ."

"बाबा, मी फुसाए."

"हळू बोल. ताई उठेल."

काय करणार होते मी? त्यांना एकटं सोडलं असतं तर पहिल्याच उतारावर पडले असते. मी मागे गेले. ज्या माणसाला घरातली मोरी सापडत नव्हती तो लाल पाइनच्या रानात एकदाही अडखळला नाही. वाट मी इथे लिहिणार नाही. अशी गोष्ट कागदावर लिहीत नाहीत.

वर पोचल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात पाचोळ्याखाली घातला. जमीन उबदार होती आणि आत काहीतरी टणक, गोल, वर यायला निघालेलं. किती प्रेमाने शिकवत होते! "हे बघ रित्सु, छत्री उघडली की उशीर झाला. सगळी काढायची नाहीत. पाचोळा होता तसा परत घालायचा, आईने पोरावर पांघरूण घालावं तसा." माझ्याशी इतका वेळ सलग ते आयुष्यात बोलले नव्हते.

मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

मी विचारलं, "का?"

"तिला खोटं बोलता येत नाही. त्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी तिला कामातून घालवलं. कोणी विचारलं तर सांगून मोकळी होईल. तू बरी. तू लहानपणापासून सरळ चेहऱ्याने थापा मारतेस."

मी त्या रात्रीच उठून त्यांचं अंथरूण धुतलं होतं, रित्सुको. हात अजून साबणाने आकसलेले होते. तोच हात त्यांनी धरला होता. आणि मी म्हटलं, "हो बाबा." तुझ्या आवाजात. तू म्हणायचीस तसं, शेवट लांबवून.

तो सगळा उतार मी त्यांना धरून उतरले आणि दर पावलाला मला वाटत होतं, हात सोडावा. सोडला नाही. बर्फ पडायच्या आत ते गेले.

त्यानंतर मी तिथे पुन्हा गेलेली नाही. गावाला वाटतं, फुसाए दर शरदात गुपचूप खाते. खात नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर क्लोतिल्दने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली आहे, जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. ती जागा मला दाखवलेलीच नाही. ती तुला दाखवली.

मग दर ऑक्टोबरला तुला जी अळंबीची पेटी येते ती? सहकारी दुकानातली. विकत आणलेली. नेच्याची पानं मी घालते, माती मी लावते. गेल्या वर्षी जावईबापूंनी लिहिलं, "बाबांच्या जागेचा वासच वेगळा!" तो वास दुकानाच्या शीतपेटीचा आहे. आपल्याकडे दर शरदात माहेरातून मुलीकडे अळंबी जाते, ती या घरातूनही जायला हवी होती, म्हणून पाठवली. आणि तू एकदाही ओळखलं नाहीस. मला खोटं बोलता येत नाही म्हणे! बाबा असते तर पेटी त्यांच्या नाकासमोर धरली असती.

तू विचारलंस, त्यांनी तुझं नाव घेतलं का. घेतलं. रोज घेतलं. माझ्या हातून पेज खाताना घेतलं, माझ्याकडे बघून घेतलं. शेवटच्या दिवशीही तुझंच घेतलं. पुरे? जुलैमध्ये हे माझ्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून पाणी उकळलं.

आता ऑक्टोबरचा बेत मी आखते. हॉटेल रद्द कर. जावईबापूंना लाल पानं बघू दे, ती कुठेही दिसतात. तू एकटी ये. सकाळच्या बसने ये, मी थांब्यावर असेन आणि चिडलेलीच असेन, त्याची तयारी ठेव. या घरात झोप. बाबांचे बूट तुला मोठे होतील, आत मोजे कोंबू. माकिउचि-सान त्याच्या दवाखान्यात गेला की आपण निघू. कोणी विचारलं तर तू उत्तर दे. तुझा चेहरा सरळ राहतो.

टाळू नकोस. माझे गुडघे यंदा तो चढ चढतील, पुढच्या वर्षीचं डॉक्टरही सांगत नाहीत. मी खरोखरच्या डॉक्टरांबद्दल बोलतेय. आणि मी चढले नाही तर ती जागा डुकरांची.

वर पोचलो की मी तुझा हात पाचोळ्याखाली ठेवीन, जसा ठेवला होता तसाच, आणि पाठ फिरवून खाली निघेन. जागा तुझी. त्यापुढे ती कोणाला दाखवायची ते तू ठरवायचं. मुलाला दाखव हवं तर. जावईबापूंना दाखवू नकोस, ते छापतील.

मी विचारणार नाही. माझ्या तोंडून तो प्रश्न कधी येणार नाही, मेले तरी. पण मी फार लांब गेलेली नसेन. खालच्या वळणावर एक सपाट दगड आहे, तिथे बसेन, गुडघे दुखतात म्हणून. तुला तिथे उभं राहून वाटलं की ही जागा आपण कोणाला तरी सांगावी, तर मला हाक मार.

ताई म्हणून नको.

फुसाए