तिसरी फळी आणि उतरणीची जागा

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाच्या नावाने आरंभ करून मी हे लिहून ठेवते:

मी, अल्यानी बिंती झावावी, वय वर्षे चोवीस, धंदा होड्या बांधणे (हे शब्द मी कागदावर आज पहिल्यांदाच लिहीत आहे), राहणार कांपुंग तंजोंग गेलाम, तेरेंगानू. माझी प्रकृती उत्तम आहे, बुद्धी ठिकाणावर आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही. गेले तीन दिवस आनंदामुळे मला नीट जेवण गेलेले नाही, एवढे मात्र खरे. त्याला कायदा वेड म्हणत नसावा.

मरण्याचा माझा काही बेत नाही. उद्या शनिवारी सकाळच्या भरतीला आमची होडी पाण्यात उतरणार आहे! अकरा वर्षांनी आमच्या शेडमधून उतरणारी ही पहिली होडी, आणि मी बांधलेलीही पहिलीच. माझे आजोबा सुलोंग बिन वाहिद, ज्यांना आम्ही तोक्की म्हणतो, त्यांचा नियम असा की पहिल्या फेरीला बांधणाऱ्याने स्वतः होडीत बसायचे, आणि बसण्याआधी आपले सगळे लिहून, कबूल करून, माफी मागून मोकळे व्हायचे. "ज्याला स्वतःच्या होडीत बसायची भीती वाटते त्यानं खुर्च्या बनवाव्यात," असे ते म्हणतात. त्यांनी एकेचाळीस वेळा असा कागद केला. एकदाही लागला नाही. आमच्या घरातला हा बेचाळिसावा.

कलम पहिले. नदीकाठची शेड, तिच्याखालची जमीन आणि शेडपासून पाण्यापर्यंतची उतरण तोक्कींनी गेल्या वर्षी ईदनंतर सगळ्यांसमोर हिबा करून, म्हणजे हयातीतच बक्षीस देऊन, माझ्या नावे केली. सात नातवंडांपैकी मला एकटीलाच दिली, कारण पदवी घेऊन मी एकटीच परत आले. त्या दिवशी माझे मोठे काका तालिब, आमचे आयाह लोंग, जे बोलले ते मी विसरलेले नाही.

"पोरीच्या नावावर शेड? उद्या लग्न करून क्वालालंपूरला जाईल. मग त्या लाकडांवर काय कोंबड्या बसवायच्या?"

"कोंबड्या रोज तरी येतील, तालिब," तोक्की म्हणाले. "तू एकतीस वर्षांत किती वेळा आलास?"

आयाह लोंग बेटांवर जाणाऱ्या पाहुण्यांना बोटीची तिकिटे विकतात. शेडच्या जागी पाहुण्यांसाठी आठ खोल्या बांधायच्या, असा नकाशा त्यांनी काढून ठेवला आहे. मला काही झाले तर माझे वारस आई आणि बाबा. माझे बाबा शाळेची व्हॅन चालवतात आणि त्यांना 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही, मोठ्या भावासमोर तर मुळीच नाही. म्हणजे मी गेले की वर्षभरात आठ खोल्या उभ्या. हा कागद खरे तर एवढ्या एका गोष्टीसाठी आहे: आमच्या शेडमधून होड्या पाण्यात जात राहाव्यात.

कलम दुसरे. पदवीचे प्रमाणपत्र आईला. तिने ते आधीच मासळी वाटण्याच्या यंत्रावरच्या भिंतीला टांगले आहे आणि त्याला आता ती विकते त्या माशाच्या वड्यांचा वास येतो. तो वास पुसू नये. मी त्याच वड्यांवर शिकले.

लॅपटॉप धाकटी बहीण सुराया हिला, माझ्या जहाजबांधणीच्या सगळ्या आकृत्यांसह. सुराया, या होडीची मी केलेली आकृती चुकीची आहे. तिच्यावर विसंबू नकोस. खरे माप शेडच्या आढ्याला टांगलेल्या काठीवर आहे. तोक्कींच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मी तिच्यावर खुणेने घेतली आहे. तिने सगळी होडी मोजता येते. मी आधी हसले होते, मग मोजून पाहिली आणि हसणे थांबले.

मोटारसायकलही सुरायालाच. आरसा बसवून घे.

कलम तिसरे, म्हणजे मनातले राग. कॉफीच्या टपरीवाले जेनाल सगळ्यांसमोर म्हणाले होते, "होडी बांधणार म्हणे! आधी भात न करपवता शिजवून दाखव." टपरी खदखदून हसली होती. मी त्यांना माफ करते, कारण उद्या दोर ओढायला चाळीस माणसे आणायचे त्यांनी आपणहून कबूल केले आहे. भात माझा अजूनही करपतो, हेही इथे नमूद करते.

आकृतीशिवाय होडी बांधणे म्हणजे शास्त्र नव्हे, सवय आहे, असे म्हणणाऱ्या माझ्या एका सरांनाही माफ. सर, कधीतरी येऊन बघा. सवयीला किती गणित येते ते दाखवते.

कलम चौथे. हा कबुलीजबाब आहे.

आमच्याकडे आधी फळ्या, मागाहून बरगड्या. चेंगाल या टणक लाकडाची फळी विस्तवावर वाकवायची, खालच्या फळीवर लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवायची, आणि दोन फळ्यांमध्ये गेलाम झाडाची कागदासारखी साल घालायची. पाणी लागले की साल फुगते आणि सांधा बंद होतो. सालीचा एक थर. एकच. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

डाव्या बाजूच्या तिसऱ्या फळीखाली मी दोन थर घातले. तोक्की त्या दिवशी दवाखान्यात गेले होते आणि शेडमध्ये मी एकटी होते. कॉलेजात शिकले होते की सुरक्षिततेसाठी दुप्पट धरावे. दुप्पट धरले आणि फळी ठोकून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तोक्की सहज म्हणाले, "जाड साल फळीला बाहेर ढकलते," तेव्हा मला माझी चूक कळली. तोवर वर आणखी एक फळी चढली होती. दोन महिने मी कोणालाही सांगितले नाही. ज्या देरीसकाकांनी समुद्रात माकूळ पकडायला ही होडी बांधायला सांगितली, त्यांनाही नाही. त्यांची मी हात जोडून माफी मागते.

या सोमवारी आयाह लोंग टेप घेतलेला एक माणूस सोबत घेऊन खोल्यांची मापे काढायला आले. माझ्याशी बोलले नाहीत. होडीच्या कडेने जाताना जुन्या सवयीने बोटांनी फळ्या टकटकावत गेले, आणि तिसऱ्या फळीपाशी थांबले. पुन्हा टकटक केले. कान लावला.

"इथं दोन थर कोणी घातले?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं ते सांग."

"मी."

"म्हाताऱ्याला माहीत आहे?"

"नाही."

ते ढलप्यांच्या ढिगावर बसले. मला वाटले, संपले सगळे. आता हे गावभर सांगणार, होडी उतरणार नाही, आणि महिनाभरात इथे खोल्या. पण ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टेपवाला घाबरून बघत राहिला.

"एकोणीस वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "पहिली होडी. उजवी बाजू, चौथी फळी. एक थर चांगला, तर दोन उत्तम, असं वाटलं. सगळा गाव किनाऱ्यावर, आणि पाण्यात जाऊन घटका झाली नाही तोच फळीनं तोंड उघडलं. म्हातारा सगळ्यांसमोर ओरडला, 'तालिब, होडी सांगितली होती, चाळणी नव्हे!' त्यानंतर मी हातोडा धरला नाही."

"मग आता मी काय करू, आयाह लोंग?"

"उतरवण्याआधी आतून पाणी भर. तीन दिवस राहू दे. साल सावकाश फुगली की खुंट्या तिला धरून ठेवतात. एकदम नदीत सोडलीस, तर ती फळीला ढकलणार."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवणार? एकतीस वर्षं त्याच एका फळीचा विचार करतोय. एवढं तरी सुचणारच ना!"

आणि त्यांनी बाह्या सरसावून बादली उचलली! टेपवाल्यालाही एक दिली. पहिल्या दिवशी तिसऱ्या फळीखालून पाणी झिरपले. दुसऱ्या दिवशी थेंब थेंब आले. काल गुरुवारी मी सांध्यावरून कोरडा रुमाल फिरवला, तो कोरडाच राहिला. मी तो रुमाल घेऊन गावभर धावले. तो रुमाल मी कोणालाही देत नाही.

कलम पाचवे. तोक्कींनी पाणी पाहिले आणि विचारले, "होडीत मासे पाळतेस काय?" मग मी सगळे सांगितले.  ते म्हणाले, "हत्यारांची पेटी आण." पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी हातोडा होता. दांड्यावर आमच्या जावी लिपीत 'तालिब' असे कोरलेले. दर वर्षी तेल लावत होते, हे उघड दिसत होते.

"मागायला येईल म्हणून ठेवला होता," तोक्की म्हणाले.

"तुम्ही का नाही नेऊन दिला?"

"ओरडलो मी, आणि त्याच्या दारी जाऊ कोणत्या तोंडानं? तू लिही तुझ्या कागदात. माझ्यानं आता लिहवत नाही."

म्हणून त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्याच शब्दांत लिहिते: 'तालिब, गावासमोर ओरडलो, ते चुकलं. थर जास्त होते, पण फळी तू सुरेख वाकवली होतीस. तेव्हाच सांगायला हवं होतं.'

हा हातोडा आयाह लोंग यांना.

कलम सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे. आमच्या शरियतप्रमाणे जे माझे वारस नाहीत त्यांना मी मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंतच देऊ शकते. उतरण मी त्या काठीने मोजली. ती सगळ्या जागेच्या चौथ्या हिश्शाहून थोडी कमी भरते. माझ्यामागे ही उतरण मी आयाह लोंग यांना देते. उतरणीशिवाय शेडमधून एकही होडी पाण्यात जाऊ शकत नाही, हे मी जाणून आहे. तेही जाणून आहेत.

पहिल्या खर्ड्यात मी अट घातली होती की जागा विकू नये, तिच्यावर खोल्या बांधू नयेत. तोक्कींनी ती वाचायला लावली आणि म्हणाले, "पोरी, एवढी होडी बांधलीस, ती काय खुंटाला बांधून ठेवायला?" मी अट काढली. बाबांना भीती वाटते. मलाही थोडी वाटते. पण ज्या माणसाच्या बोटांना एकतीस वर्षांनी दोन थर ऐकू येतात, त्याच्या हाती उतरण सुरक्षित आहे, असा माझा विश्वास आहे, आणि तो मी इथे लेखी देते.

कलम सातवे. वाकस, करवती, गिरमिटे शेडमध्येच राहावीत. जो शिकायला येईल, किंवा जी येईल, त्यांची ती आहेत, असे आई-बाबांनी मानावे ही विनंती. होडी बुडाली तर ती वर काढून तिसरी फळी उघडावी आणि काय चुकले ते सुरायाने शाईने लिहून ठेवावे. मला गावच्या कबरस्तानात ठेवावे, नदीच्या बाजूला, जिथे हातोड्याचा आवाज पोचतो.

पुरवणी, त्याच दिवशी. शुक्रवारची नमाज झाल्यावर आमच्या ओसरीवर मशिदीत अजान देणारे बिलाल याकूब यांनी हा कागद मोठ्याने वाचला. दुसरे साक्षीदार म्हणून मी आयाह लोंग यांचे नाव आधीच घातले होते. पाचव्या कलमाशी आयाह लोंग यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. सहावे वाचून बिलाल थांबले.

"हे चालायचं नाही. तालिब, साक्षीदार व्हायचं की हक्कदार? दोन्ही होता येत नाही."

मला हे माहीत नव्हते. घरातली पहिली पदवीधर मी! आयाह लोंग यांनी पेन हातात धरले. त्यांनी सही केली असती, तर उतरण त्यांच्या हातून गेली असती आणि तेही तिच्यातून मोकळे झाले असते.  मग त्यांनी खाली वाकून साक्षीदारांतले स्वतःचे नाव खोडले, एक सरळ रेघ मारून.

"दुसरा बघा. देरीस बसलाय बाहेर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तो हातोडा? तो काय तू मेल्यावरच मिळणार?"

"घे की आत्ता, गाढवा!" आतून तोक्की ओरडले. गावासमोरच ओरडले, पण या वेळी सगळे हसले.

म्हणून पाचव्या कलमातला हातोडा आजच दिला. तेवढा भाग रद्द, बाकी सर्व कायम. उद्या होडीत डाव्या बाजूला, तिसऱ्या फळीपाशी, आयाह लोंग बसणार आहेत, कान लावून.

सही: अल्यानी बिंती झावावी
ठिकाण: कांपुंग तंजोंग गेलाम
दिनांक: शुक्रवार, १७ एप्रिल २०२६

साक्षीदार पहिले: याकूब बिन दाऊद, बिलाल
साक्षीदार दुसरे: तालिब बिन सुलोंग (खोडले). त्याऐवजी देरीस बिन मामत, कोळी

खाडाखोड मान्य: अल्यानी
खाडाखोड मान्य: तालिब बिन सुलोंग, धंदा होड्या बांधणे