ट्रेगेन्झा निवासाची स्मृतिशिला

१ ऑगस्ट
इतिहास मंडळाचा अध्यक्ष या नात्याने आज बैठकीत ठणकावून सांगितलं. गावात पहिल्यांदा येऊन राहिलेला माणूस, म्हणजे माझा खापरपणजोबा जेम्स ट्रेगेन्झा, याचं घर टेकाडावर होतं. स्मृतिशिला तिथेच बसणार. पुरावा? जाँक्विलची, म्हणजे पिवळ्या नर्गिसाची फुलं. आपल्या भागात मोडलेली घरं अशीच ओळखतात. भिंती जातात, धुराडं जातं, पण घरच्या बाईने लावलेले कंद दर ऑगस्टला, इथली थंडी सरता सरता, फुलतात. टेकाडावर अख्खी रांग आहे. विषय संपला.

चुलतबहीण थेल्मा संपू देईल तर ना! म्हणे, अरे डेस, आपला म्हातारा खाणीतला मजूर. ओढ्याच्या काठात बीळ खणून राहायचा. सगळेच राहायचे. पुरात गेलं ते. शिळा ओढ्यावर लाव.

बीळ! ट्रेगेन्झा म्हणजे काय ससे आहेत?

४ ऑगस्ट
संकल्प : थेल्माशी शांतपणे बोलायचं.

संध्याकाळी
बोललो. शांतपणे नाही. ती म्हणाली, जागा चुकली तर तुझा राजीनामा मागेन. मी म्हणालो, मागतेस कशाला, मीच देईन. चारचौघांत म्हणालो. घरी बायकोने, नोरीनने, विचारलं, हे बोलायची काय गरज होती? म्हणालो, कॉफी जास्त झाली असणार.

९ ऑगस्ट
शिळेच्या पायाचा खड्डा एकट्याने सुरू केला. थेल्माने सगळ्यांना फितवलंय. (वाराही बोचरा होता.) गुडघाभर खाली हाडं लागली. घाबरलो. कुत्र्याची निघाली. म्हणजे खापरपणजोबांना कुत्र्यांचा शौक होता! नवीन संशोधन. भाषणात घालायचं.

१० ऑगस्ट
खड्डा थोडा उजवीकडे सरकवला. दुसरा कुत्रा. याचा पट्टा नायलॉनचा. त्या काळी नायलॉन होतं का, ते बघायला हवं. सध्या वेळ नाही. दोघांना परत पुरलं, वर भरपूर काँक्रीट ओतलं. नोरीनला बोललो नाही.

१३ ऑगस्ट
शिळा बसली. ‘येथे जेम्स ट्रेगेन्झा यांचे निवासस्थान होते.’ खाली माझं नाव, अध्यक्ष म्हणून. अनावरण १७ तारखेला, आयव्ही नीबोनबाईंच्या हस्ते. टेकाडावरचं हे कुरण पूर्वी त्यांच्या घरचं, आता बाई वृद्धाश्रमात असतात. त्यांना बोलवायची कल्पना माझीच.

थेल्मा कुंपणापलीकडे गाडी थांबवून बघत होती. हात केला नाही. मीही नाही. लहानपणी एका सायकलवर डबलसीट शाळेत जायचो आम्ही. वाईट वाटलं. पण माघार नाही.

१७ ऑगस्ट
सगळं गाव लोटलं. आयव्हीबाईंनी पडदा ओढला, फुलांची रांग पाहिली आणि रडायलाच लागल्या. मी थेल्माकडे बघून घेतलं. काय आता?

मग बाईंनी माझा हात धरला. माइक चालू होता. म्हणाल्या, गुणाचा रे पोरा! आमच्या कुत्र्यांची कुणी आठवण ठेवेल असं वाटलं नव्हतं. मेंढ्यांमागे राबलेला कुत्रा गेला की बाबा त्याला इथे पुरायचे, मी वर एक कंद लावायचे. आणि रांगेतून काठी टेकत एकेक नाव सांगत गेल्या. फ्लॉस. रस्टी. बॉब. मागून कुणीतरी विचारलं, यातला जेम्स कुठला?

थेल्माने राजीनामा मागितला नाही. मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी आणून हातात दिली. म्हणाली, खा, सकाळपासून उपाशी असशील. ते जास्त झोंबलं.

१९ ऑगस्ट
राजीनामा दिला. थेल्मा अध्यक्ष. शिळा हलवायचा प्रयत्न झाला. हलत नाही. काम मजबूत झालंय, हे कुणीच बोललं नाही.

२४ ऑगस्ट
सकाळी गावातले पास्को नवरा-बायको दारात. त्यांचा म्हातारा कुत्रा घोंगडीत गुंडाळलेला. पास्को म्हणाला, डेस, तुझ्या दफनभूमीत जागा आहे का रे? ती दफनभूमी नाही, असं सांगणार होतो. त्याची बायको रडत होती. फावडं घेतलं आणि गेलो. खड्डा मीच खणला, नीट खोल. जाताना पास्को म्हणाला, पुढे कुणाचा कुत्रा गेला तर तुझाच नंबर देतो.