जत्रेला दोन दिवस उशिरा

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असं नाही, पण बोलायला बसले की स्वयंपाकघरातलं आपलं ते भांडण आडवं यायचं आणि मी उठून दुसऱ्या कामाला लागायचे. आज मात्र बसलेच आहे. गेल्या रविवारी इथं चंडीगडला, सतरा सेक्टरच्या चौकात, चारशे माणसांसमोर मी तुमच्याबद्दल माइकवर बोलले. काय बोलले ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही असता तर मान खाली घालून निघून गेला असता.

पंचकुल्याच्या पुढं एका सिक्युरिटी एजन्सीची शेड आहे. मॉलच्या गेटवर गाड्या हुंगायला कुत्रे उभे असतात ना, ते त्यांचे. त्यातले म्हातारे झालेले, नाक गेलेले, लंगडे, सगळे त्या शेडमध्ये आखूड साखळीला बांधून सोडून दिले होते. कुणीतरी व्हिडिओ काढला. तुमच्या नातीनं तो मला जेवता जेवता दाखवला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. "मम्मा, ये सोल्जर जैसे ही हैं ना? ये तो देश की ज़िम्मेदारी हैं," म्हणाली आणि ताटावरून उठली. दोन दिवसांत शहर पेटलं. बत्तीस सेक्टरला आमच्या हॉस्पिटलात नर्सेसच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात कुत्र्याला हाड-हाड करण्यापलीकडं काही केलं नाही, त्याही त्या मालकाला भर चौकात फटके मारा म्हणत होत्या. मीही म्हणत होते, म्हणून रविवारच्या निषेध सभेत बोलायला माझंही नाव घातलं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, ते वयानं काही मऊ झालेलं नाही.

पण तो व्हिडिओ बघताना मला शेड दिसत नव्हती, चंडीमंदिरच्या छावणीतली आपली क्वार्टर दिसत होती. तुम्ही लष्कराच्या श्वानपथकात हवालदार, आणि स्फोटकं हुंगणारा तुमचा तो काळा लॅब्राडोर. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्हीही नंतर कधी घेतलं नाहीत. त्याच्या नाकापायी आपल्या घरात तुम्ही ड्युटीवर निघेपर्यंत अगरबत्ती लागत नसे, वासाचं तेल नाही, पावडर नाही. आई करवादायची, "देवाला धूप न्हाई आन् कुत्र्याचं सोवळं!" तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात आणि बिनवासाच्या साबणानं हात धुवायचात. रविवारी मला त्याच्याकडं घेऊन जायचात, पण माझ्या हातून त्याला बिस्किटसुद्धा द्यायची सोय नव्हती. तो फक्त तुमच्या हातचं खायचा. दिवसभर रस्ते हुंगून काही सापडलं नाही की कुत्रा हिरमुसतो, दुसऱ्या दिवशी त्याचं कामात मन लागत नाही, म्हणून परतायच्या आधी तुम्ही स्फोटकाची सरावाची एक पुडी स्वतःच लपवायचात आणि त्याला शोधायला लावायचात. सापडली की तो तिच्यापुढं ताठ बसायचा, मग त्याला चेंडू मिळायचा. "त्येचा दिवस रिकामा जाऊ द्यायचा न्हाई," तुम्ही मला सांगितलं होतं. मी तेव्हा सातवीत असेन.

मी चौदा वर्षांची झाले तोवर त्याच्या मागच्या पायांतलं बळ गेलं होतं. तेव्हाचा नियम तुम्हाला मी काय सांगणार. कामातून गेलेला कुत्रा जिवंत ठेवत नसत. अशा वेळी कुत्रा सांभाळणाऱ्या हँडलरला रजा देऊन घरी पाठवायचे, म्हणजे त्याला बघावं लागू नये. तुम्हालाही रजा मिळाली, नेमकी गावच्या जत्रेच्या सुमारास. आईला आणि मला तुम्ही गाडीत बसवून दिलंत, म्हणालात, ड्युटी निघालीय, दोन दिवसांनी येतो. आलात. चुलत्यांच्या पंगतीत बसून मटण-भाकरी खाल्लीत. तुमच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नाही. चंडीमंदिरला परत आल्यावर शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी मला सांगितलं की त्याला सुई दिली.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवत होता. मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "त्यानं तुमच्यासाठी बारूद हुंगली. आणि त्याला मारत होते तेव्हा तुम्ही जत्रेत मटण खात होता. पळपुटे आहात तुम्ही." आईनं लाटणं उगारलं. तुम्ही तिचा हात धरलात. ताटातलं सगळं संपवलंत, मग उठून स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलंत, जे तुम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं. त्यानंतर आपण फीबद्दल बोललो, माझ्या नर्सिंगबद्दल, लग्नाबद्दल, आईच्या बीपीबद्दल. त्याच्याबद्दल नाही. शेवटच्या आजारपणात तुम्ही माझ्याकडंच होता, मी तुम्हाला अंघोळ घातली, औषधं दिली, सलाइन लावलं. पण त्या शब्दाची माफी मागितली नाही. मागायचं काही कारण आहे असं मला वाटतच नव्हतं.

तर त्या रविवारी चौकात तुमच्याबरोबर पथकात असलेले ते कोल्हापूरकडचे काका भेटले. रिटायर होऊन पंचकुल्यातच राहिलेत. काठी टेकत आले होते. म्हणाले, "माइकवर बोलणार हायेस म्हणं. तुझ्या बापाचं सांग. आसा हँडलर मी न्हाई बघितला."

"काय सांगू, काका? रजा घेऊन जत्रेला गेले ते?"

काकांनी काठी आपटली. "कोण गेलं? रजेचा कागद खिशात हुता, पर गेला न्हाई त्यो. साहेबांना म्हणला, माझ्याबिगर दुसऱ्याचं त्यो ऐकायचा न्हाई, झटापट हुईल, भ्यालेला मरंल. मी हुतो की तिथं. सकाळी तुझ्या बापानं कुंपणाजवळ पुडी लपवली. पाय वडत वडत गेलं बिचारं, हुंगून काढली, आन् बसलं तिच्यापुढं. चेंडू दिला. चेंडू तोंडात आसतानाच डाक्टरनं सुई दिली. डोकं तुझ्या बापाच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी ठेसनावर मीच सोडला त्याला. यक शब्द बोलला न्हाई, पक्का दगड."

दोन दिवस, अण्णा. तुम्ही दोन दिवस उशिरा आलात आणि मी त्या दोन दिवसांचा कधी विचारच केला नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त तुमचा राग आला. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? मी पोर होते, पण दगड नव्हते. आता वाटतं, "मीच त्याला सुईपुढं बसवलं" हे पोरीला सांगण्यापेक्षा पळपुटा म्हणवून घेणं तुम्हाला सोपं गेलं असेल. वॉर्डात माझ्या डोळ्यांसमोर किती माणसं गेली, शेवटच्या वेळी हात धरून बसणं म्हणजे काय ते मला कळतं. पण माझ्या बापानं ते केलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी ठरवलं होतं की खरं तेच सांगायचं. या एजन्सीच्या मालकाला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो काळा कुत्रा ज्या रस्त्यांवरून पुढं चालला त्या रस्त्यांवर आपण सगळे बिनधास्त फिरलो, माझं घर त्याच्या नाकावर जेवलं, आणि त्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. पुढं नियम बदलला, म्हातारे कुत्रे लोकांच्या घरी द्यायला लागले, तेही लोक ओरडले म्हणूनच. तेव्हा ओरडा, पण ओरडून झाल्यावर या शेडमधल्या कुत्र्यांना घरी कोण नेणार तेही सांगा. एवढं सगळं मनात जुळवून मी वर चढले. पहिलंच वाक्य बोलले, "मेरे पिताजी फ़ौज में डॉग हँडलर थे, उन्होंने अपने कुत्ते का साथ आख़िर तक नहीं छोड़ा." टाळ्यांचा कडकडाट झाला. तुमची नात पुढंच फोन धरून उभी होती, डोळे भरलेले. टाळ्या थांबल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं, "मम्मा, नानाजी उसे घर ले आए थे ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "हाँ बेटा, घर ले आए थे." आणि खाली उतरले. पुढचं काही बोललेच नाही. तुम्ही खरं गिळून माझ्या शिव्या खाल्ल्यात, आणि मी खोटं सांगून तुमच्या नावावर टाळ्या घेतल्या. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. काका गर्दीत लांब उभे होते, ते जवळ आले नाहीत.

बाजूला एका टेबलावर कागद ठेवला होता. शेडमधल्या कुत्र्यांना घरी न्यायला जे तयार असतील त्यांनी नाव-पत्ता लिहायचा. एवढ्या गर्दीत त्यावर मोजून तीन नावं. पोर मला ओढत तिकडं घेऊन गेली. "हमारे घर में तो पहले भी रहा है," ती टेबलावरच्या मुलीला अभिमानानं म्हणाली, आणि माझ्याकडं वळून पेन मागितलं. मी पर्समध्ये हात घातला, आपला तिसरा मजला आठवला, माझ्या रात्रपाळ्या आठवल्या, म्हाताऱ्या कुत्र्याचं हगणं-मुतणं आठवलं. नाही म्हणाले, पेन नाहीये. ती कुणाकडून तरी आणायला धावली. ती परत येईपर्यंत त्यांनी टेबल आवरलं होतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. ती अजून म्हणतेय की पुढच्या रविवारी जाऊ. अण्णा, मी नर्स आहे. पर्समध्ये दोन पेनं होती.