आतून कडी लागणारी खोली

मी, श्रीमती भामा रघुनाथ परांडेकर, वय ७१, टेलिफोन कार्यालयातील सेवानिवृत्त लिपिक, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती ठीक आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. लिहिताना लोक खोलीतून ये-जा करीत आहेत, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. गेली एकोणतीस वर्षे असेच चालले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मिळकत. आमच्या घरात एकामागे एक अशा दोन खोल्या. १९९५ साली सासूबाईंनी दोन मुलांत वाटणी केली. भावाभावांत वकील कशाला, म्हणून त्यांनी ‘पुढची’ आणि ‘मागची’ अशा दोन चिठ्ठ्या देवापुढे ठेवून उचलायला लावल्या. रस्त्याच्या दाराची पुढची खोली धाकटे दीर विवेक भाऊजींना आली. मोरी-संडास लागून असलेली मागची आम्हाला. जाण्यायेण्याचे चिठ्ठीत लिहायचे राहिले. त्यामुळे आम्हाला रस्त्यावर जायचे तर त्यांच्या खोलीतून, आणि त्यांना आंघोळीला जायचे तर आमच्या. मधल्या दाराला कडी नाही. लावली तर एक घर आत अडकते आणि दुसरे पारोसे राहते.

मागच्या भिंतीपलीकडे गल्ली आहे. तिथे दार पाडता आले असते. पण सासूबाईंनी माझ्या यजमानांकडून वचन घेतले होते की घराला दुसरे दार पाडायचे नाही. दुसरे दार पडले की घर फुटले. हे वचनाला जागले आणि मी ह्यांच्या शब्दाला. ह्यांच्या पश्चात मागची खोली माझ्या नावावर झाली आहे, कागद कपाटात आहेत.

२. बँकेतली ठेव आणि चार बांगड्या माझी मुलगी प्रियदर्शिनी हिला. ती बंगळूरला असते. तिला मराठी वाचायला अवघड जाते, हा कागद कोणीतरी तिला वाचून दाखवावा.

३. ह्यांची वही. हे सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवीत. वहीत इंग्रजी वाक्प्रचार आहेत, सगळे दाटीवाटीचे. ‘पॅक्ड लाइक सार्डिन्स’, म्हणजे डब्यात मासे भरावेत तसे. ‘चीक बाय जाउल’, गालाला गाल लागून. ‘बर्स्टिंग अॅट द सीम्स’, शिवण उसवेपर्यंत. एकूण त्रेचाळीस आहेत, समोर मराठी अर्थ. इंग्रजांकडे एवढी जागा, तरी त्यांना एवढे शब्द का लागले, असे मी एकदा विचारले. हे म्हणाले, जागा असली की गर्दीवर विनोद सुचतो.

तेव्हा घरात आठ माणसे होती. नवराबायकोचे बोलणे सगळ्यांच्या कानावर पडे. सासूबाईंना इंग्रजी येत नसे, म्हणून हे वहीतलेच काही म्हणत. ‘नो रूम टू स्विंग अ कॅट’, म्हणजे मांजर शेपटीला धरून फिरवण्याइतकीही जागा नाही. ते ऐकले की मी चपला घालायच्या, आणि भाजीच्या नावाखाली दोघांनी पार्कापर्यंत जाऊन यायचे. भाऊजी विचारत, “वहिनी, तुमच्याकडे रोजच भाजी संपते की काय?”

मागच्या डिसेंबरात दवाखान्यात ह्यांना एकट्याची खोली मिळाली. चारही कोपरे बघून म्हणाले, “भामा, इथे मांजर फिरतं की.” चौथ्या दिवशी गेले.

वही प्रियदर्शिनीला द्यावी. इंग्रजी बाजू तिला वाचता येईल, त्यावरून मराठी लागेल.

४. सार्डिन माशांचा एक डबा हे सिकंदराबादहून वर्गात दाखवायला घेऊन आले होते. आम्ही शाकाहारी. सासूबाईंनी तो आत येऊ दिला नाही, तेव्हापासून खिडकीबाहेर आहे, न उघडलेला. भाऊजी तो फेकून देईन असे नेहमी म्हणत. तो त्यांना द्यावा, म्हणजे फेकता येईल.

५. एक तक्रार लिहून ठेवते. हे गेल्यावर दहा दिवसांचा दिवा मागच्या खोलीत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी बादली घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, जरा पाय घ्या.” मी पाय घेतले. दिवा तीनदा सरकवावा लागला. त्यांची चूक नव्हती. सुतक त्यांनाही होते आणि आंघोळीला दुसरी वाट नव्हती. तरी लिहिले. अकरा महिन्यांत मला सलग पाव तास एकटे बसता आलेले नाही. रडू आले की मी मोरीत जाऊन नळ सोडते. मग बाहेरून कोणी विचारते, झाले का.

६. खोली. भाऊजींचा मुलगा विक्रम, त्याची बायको मानसी. लग्नाला चार वर्षे झाली. भाऊजी, जाऊबाई आणि ही दोघे पुढच्या खोलीत राहतात, मधे पडदा आहे. जूनमध्ये एके दिवशी मोरीत बराच वेळ नळ चालू होता. मी बाहेरून विचारणार होते, मग आवाज ओळखला आणि थांबले. बाहेर आल्यावर मानसी म्हणाली, “काकू, मला घर नक्को. आतून लागणारं एक दार होना, बस.” ती नांदेडची, पण इकडचे बोलणे उचलले आहे; ‘होना’ म्हणजे हवे.

माझी मागची खोली, मोरीसह, माझ्या पश्चात मी मानसीच्या एकटीच्या नावे करीत आहे. विक्रमच्या नाही, दोघांच्याही नाही. विक्रम चांगला मुलगा आहे, म्हणून तो हे समजून घेईल. प्रियदर्शिनीला फोनवर विचारले. ती म्हणाली, “दे तिला. मी तिथे कपडे बदलायलासुद्धा मोरीत जात होते, आई.”

७. दार. ते वचन ह्यांनी दिले होते, ह्यांच्याबरोबर संपले, असे उमाजी वकील म्हणतात. ते ह्यांचे विद्यार्थी. मला तसे वाटत नाही. वचन घरात राहते. तरी मी ते मोडत आहे. पाप लागणार असेल तर माझ्या वाट्याला यावे, मानसीच्या नको.

आधी मी इथे लिहिले होते की माझ्या पश्चात मागचे दार पाडावे. ते खोडले आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे. गवंडी येत्या सोमवारी येणार आहे. पुढच्या ओट्यावर भाऊजींसाठी मोरी-संडास बांधायलाही त्यालाच सांगितले आहे. ते होईपर्यंत मधले दार सकाळी सहा ते नऊ उघडे राहील, नंतर त्यालाही कडी.

 काल संध्याकाळी भाऊजी म्हणाले, “वहिनी, आईनं काय सांगितलं होतं?”

मी म्हटले, “आठवतंय, भाऊजी. सोमवारी पलंग सरकवायला या.”



दार बसले की नऊनंतर मी दोन्ही कड्या लावून आत बसेन. किती दिवस, ते लिहीत नाही. कोणी दार वाजवू नये, झाले का म्हणून विचारू नये. मानसीने तेवढे थांबावे.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले. बरोबर आहे. खालील दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: भामा रघुनाथ परांडेकर

साक्षीदार:
१. उमाजी गणपती सूर्यवंशी, वकील
२. रजनी केशव औंढेकर, शेजारी

स्थळ: चिक्कडपल्ली, हैदराबाद
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४