चावून पाहिल्याशिवाय काही द्यायचं नाही

२ मे, सकाळी
वहीबाई, माफ करा, फार उशिरा लिहितोय. रोज लिहीन असं जानेवारीत ठरवलं होतं आणि आज मे उजाडला. पण चूक माझी नाही. चष्मा सापडत नव्हता. तो कोणी लपवला, यावर आत्ता काही लिहीत नाही.

आज कारण आहे. मुलगा, सून आणि नात सुनेच्या माहेरी गेले. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जाताना नातीचे दोन जर्बिल माझ्याकडे ठेवून गेले. दिसायला उंदीरच, फक्त शेपटीला केस आणि तोंडावर शिष्टपणा. एक भुऱ्या, एक काळ्या.

मुलगा दारात म्हणाला, बाबा, एवढे दोन जीव नीट सांभाळलेत, तर तुमच्या एकटं राहण्याबद्दल आम्ही पुन्हा तोंड उघडणार नाही. सून नुसती हसली. ते हसणं मी ओळखतो. परीक्षा तिची आणि हे दोघे तिचे हेर.

निश्चय: पास व्हायचं. चौथीत नापास झालो होतो, ती कसर इथे भरून काढायची. ही खोली सोडायची नाही.

३ मे
नातीने बजावलंय, आजोबा, यांचे दात जन्मभर वाढतात, सारखं काहीतरी कुरतडायला लागतं. साधा पुठ्ठा चालेल, कोरं लाकूड चालेल. प्लास्टिक नको, रंग नको, पॉलिश नको, देवदार तर नकोच.

मला सांगते! फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करण्यात जन्म गेला माझा. लाकूड कोरं दिसतं म्हणून कोरं असतंच असं नाही.

तिने ठेवलेल्या काड्यांच्या पाकिटावर हिरवं पान छापलंय. पान छापून पटवावं लागतं म्हणजे आत काहीतरी भानगड आहे. पाकीट जप्त.

नियम केला. जे मी स्वतः चावीन आणि ज्याने माझं पोट दुखणार नाही, तेच त्यांना.

५ मे, दुपारी
टॉयलेट पेपरची नळी चावली. खळीची चव. नापास. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. शाई. नापास. अंड्यांचा ट्रे बरा वाटला, राखून ठेवला.

संध्याकाळी
पोटात गुडगुड. सकाळच्या शिळ्या पावानेही असेल, पण धोका कशाला? ट्रे नापास.

७ मे
दोघे पिंजऱ्याच्या गजांवर दात घासतात. टक टक, थांबतात, पुन्हा टक टक. कोणाला तरी कळवताहेत.

आवाज ऐकून शेजारच्या सिस्टरबाई आल्या. रिटायर्ड नर्स. सगळ्यांच्या तब्येतीत नाक. म्हणाल्या, अहो काका, कुरतडायला द्या हो काहीतरी बिचाऱ्यांना, जेलमध्ये टाकल्यासारखं काय ठेवलंय! मी म्हणालो, तपासणी चालू आहे. त्या म्हणाल्या, कोणाची?

त्या प्रश्नात मला सुनेचा आवाज ऐकू आला.

८ मे
सिस्टरबाईंनी बहिणीच्या बागेतली सफरचंदाची फांदी आणून दिली. न मागता. इथेच शंका. फवारणी झाली असेल. धुतली, उकळली, उन्हात वाळवली, चावली. माझ्या कवळीचा तुकडा पडला. म्हणजे लाकूड अस्सल आहे. पास!

९ मे
फांदीला कुसळं होती. त्यांच्या तोंडाला लागू नयेत म्हणून पॉलिश पेपर घेतला. आधी जाडा, मग बारीक. किती वर्षांनी अंगठा लाकडावरून न अडखळता फिरला! मग फडक्याने गोल गोल हात मारला. वाळू दिलं, दुसरा मारला. उजेडात धरली. काय चकाकत होती!

मग लक्षात आलं की फडका कोरडा नव्हता आणि पॉलिशची बाटली उघडी होती.

दोष सिस्टरबाईंचा. माझं काम चालू असताना भिंतीपलीकडे खोकत होत्या. माणसाचं लक्ष जातं. फांदी केरात.

११ मे
दुसरी फांदी मागितली नाही. मला जमत नाही असं वाटायचं त्यांना आणि तेच पुढे सुनेपर्यंत पोचायचं.

आणि गरजही उरलेली नाही. गजांवरचा आवाज थांबलाय. दोघांनी खोड सोडली. दात जन्मभर वाढतात ही अफवा असणार. नातीला समजावून सांगेन.

१२ मे, सकाळी
पिंजऱ्याचा तळ प्लास्टिकचा होता हे माझ्या लक्षात कोणी आणून दिलं नाही. कोपऱ्यात भोक आहे. आत कोणी नाही.

फोन उचलला तर मुका. सुनेने लाइन बंद करायला सांगितली असावी. एका अर्थी बरंच, मुलाला काय सांगायचं हा प्रश्न मिटला.

दुपारी
कपाटामागे फोनची वायर कुरतडलेली सापडली. सून निर्दोष. सध्यापुरती.

सिस्टरबाईंनी दार वाजवलं. काका, उघडा हो, चांगली बातमी आहे! चांगली बातमी असली तर कोणी इतकं दार बडवतं का? पिंजरा बघायचा असणार. श्वास रोखून बसलो.

१३ मे
सकाळी पुन्हा आल्या. मी आतून ओरडलो, अंघोळ करतोय. संध्याकाळी परत. मी तेच म्हणालो. त्या म्हणाल्या, अजून?

फार चौकस बाई.

निश्चय: उद्या दोघांना पकडायचं. जमिनीवर सूर्यफुलाच्या बिया पसरल्या आहेत. योजना पक्की.

१४ मे
मुलगा आला. माझा फोन लागेना म्हणून त्याने सिस्टरबाईंना केला. त्या म्हणाल्या, काका दार उघडत नाहीत, विचारलं की अंघोळ चालू आहे म्हणतात. मग त्याने पुन्हा केला तर त्यांचाही फोन कोणी घेईना, कारण त्या रात्रीपुरत्या बहिणीकडे गेल्या होत्या.

त्याने त्याच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा मी पलंगाखाली होतो. फक्त पाय बाहेर. तोंडात कवळी नव्हती, त्यामुळे मी काय सांगतोय ते त्याला कळेना.

मला वाटलं ओरडेल. तो जमिनीवर बसला, बियांवरच. बाबा, मला वाटलं तुम्ही गेलात, एवढंच म्हणाला. मग बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. नाडी सुटलेलीच होती.

भुऱ्या-काळ्या सिस्टरबाईंकडे सापडले. दाराखालच्या फटीतून तिकडे गेले होते. हीच ती चांगली बातमी. माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत बसून दोघे टॉयलेट पेपरच्या नळ्या कुरतडत होते. गुबगुबीत. पोटदुखीचं काही लक्षण दिसतं का म्हणून मी बराच वेळ वाकून पाहिलं. दिसलं नाही.

१६ मे
मुलाच्या घरी आहे. कवळीचं काम आहे, तेवढ्यापुरतंच. त्याने माझी बॅग जरा मोठी भरली, पण ते घाईत झालं असेल. हिवाळ्याचा स्वेटरही चुकून आलाय.

निघताना जर्बिलही बरोबर घेऊ म्हणालो. मुलाने नातीला फोन लावून दिला. ती म्हणाली, नको आजोबा, त्यांना हलवू नका ना! जागा बदलली की घाबरतात ते, खात नाहीत. तिथे रुळलेत, राहू देत. मुलगा म्हणाला, बरोबर आहे तिचं. आणि माझी बॅग गाडीत ठेवली.

सिस्टरबाईंना चिठ्ठी पाठवायची आहे. आधी इथे लिहून बघतो.

सिस्टरबाई, दोघे कसे आहेत? काळ्या भुऱ्याच्या वाट्याचं खातो, लक्ष असू द्या. नळी देण्याआधी निदान जीभ लावून बघत जा. मुलाने दिलेल्या किल्लीने माझ्या खोलीची खिडकी अधूनमधून उघडता ना? तिथे कोणी जागा बघायला वगैरे येतं का? परत कधी जायचं असं मुलाला विचारलं की तो बघू म्हणतो. तुम्ही तरी लवकर कळवा.